मालक आत आहेत

१

कारंजा गावात कुठल्याही दुकानात बाई एकटी बसलेली दिसली, की गिऱ्हाईक आधी तिच्या डोक्यावरून आत डोकावतं आणि मग विचारतं, "मालक नाहीत का?"

धम्मदीपाच्या फोटो स्टुडिओत हे पहिल्या दिवसापासून चाललं होतं. पासपोर्टचा फोटो काढायला आलेला कॉलेजातला मुलगा असो, लग्नाची ऑर्डर द्यायला आलेला मुलीचा बाप असो, नाहीतर मीटर बघायला आलेला माणूस असो, प्रत्येकाला मालक हवा होता. "मीच मालक. बोला," असं ती म्हणायची. मग समोरचा हसायचा, म्हणजे बाईनं थट्टा केली असं समजून. एकानं तर आवाज चढवून पुन्हा विचारलं होतं, "तसं नाई वो ताई, मालक, मालक!" जणू तिला ऐकूच कमी येत होतं. सुरुवातीला ती तणतणायची. पुढे तिनं तो राग जपून ठेवायला सुरुवात केली आणि तो कामात उतरला.

काम म्हणजे काळी-पांढरी फिल्म. पोटासाठी डिजिटल कॅमेरा होताच, पण मागच्या मोरीच्या भिंती काळ्या करून, दाराच्या फटीत चिंध्या कोंबून तिनं तिथं डार्करूम थाटली होती. बाहेर काउंटर, मध्ये पडदा लावलेली फोटो काढायची खोली आणि सगळ्यांत आत ही डार्करूम, असा तिचा संसार. उन्हाळ्यात माठातलं पाणी घालून डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, थंड करावा लागे. एप्रिलमध्ये कारंज्याच्या नळाला जे पाणी येतं त्यात फिल्म धुणं दूरच, तूरडाळ शिजेल.

ती चौतीस वर्षांची होती, धनजची. आई गोमतीबाई अंगणवाडीतून निवृत्त होऊन गावीच राहत होती. धम्मदीपानं लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही याचं तिच्याकडे तयार उत्तरही नव्हतं. न केलेल्या गोष्टीचाही जाब द्यावा लागतो, हेच तिला मान्य नव्हतं.

२

काळ्या-पांढऱ्या फिल्मला रंग कळत नाहीत, उजेड तेवढा कळतो. भिंगावर रंगीत काच चढवली की त्या रंगाचा उजेड आत येतो आणि विरुद्ध रंगाचा दाराबाहेर राहतो. पिवळी काच आभाळातले ढग उठवते, हिरवी काच पानं उजळवते. लाल काच सगळ्यांत खट. ती निळं आभाळ काळंकुट्ट करते आणि जे जे लाल आहे ते पांढऱ्यात जमा करते. चेहऱ्यासमोर धरली तर पुटकुळ्या जातात, ओठ फिके पडतात, आणि कपाळावरचं कुंकू साफ नाहीसं होतं.

धम्मदीपाला नेमकं तेच हवं होतं. पिठाची गिरणी चालवणारी, रसवंती चालवणारी, जीपवर रिसोडच्या फेऱ्या मारणारी लखमा, अशा आपल्या हिमतीवर काही चालवणाऱ्या बायांचे चेहरे तिनं लाल काचेतून काढले होते. सगळ्यांची कपाळं सारखी. कोण सवाष्ण, कोण विधवा, कोण टाकलेली, कोण आपल्या मर्जीनं एकटी, हे बघणाऱ्याला कळायचं कारण नव्हतं. वाशीमला त्यांचं प्रदर्शन लागायचं होतं. प्रत्येकीला तिनं आधी सांगूनच फोटो काढले होते. लखमा हसून म्हणाली होती, "काढ वं पोरी. फोटोतलं गेलं त काय झालं, माह्या डबीत लय हाय." शेवटचा फोटो धम्मदीपाचा स्वतःचा होता.

मोहनसिंगकाकांना मात्र हा प्रकार पसंत नव्हता. गावातला त्यांचा जुना स्टुडिओ बंद झाला तेव्हा कॅमेरा, निगेटिव्हवरून मोठा प्रिंट काढायचा एन्लार्जर आणि काचांची लाकडी पेटी त्यांनीच तिला दिली होती. "बायाच्या तोंडाले लाल काच लावू नये, बेटा," ते म्हणायचे. "मी लावली होती एकदा. त्या बाईची सासू दुकानात येऊन रडली, पोराचं काई बरंवाईट करता का म्हणे." तेव्हापासून त्यांनी हाताला एक वळणच लावून घेतलं होतं. प्रिंटवरचे धुळीचे पांढरे ठिपके बारीक कुंचल्यानं शाई भरून मिटवायचे, आणि जाता जाता बाईच्या कपाळावर एक काळा ठिपका द्यायचा. कुंकू भरणं म्हणत ते त्याला.

प्रदर्शनाचे प्रिंट बघायला ते आले. धुळीचे ठिपके भरून देतो म्हणाले आणि कुंचला घेऊन बसले. बाकीच्या प्रिंटवर त्यांनी हात आवरला होता. धम्मदीपा चहा सांगायला गेली आणि परत आली, तर तिच्या स्वतःच्या फोटोत, दोन भुवयांच्या मध्ये, गोल काळा ठिपका होता.

"हात गेला," मोहनसिंग म्हणाले. ते कुंचला पुसत होते, पुसून स्वच्छ झाला तरी पुसतच होते. "धुऊन टाक. आत्ता धुऊन टाक."

तिनं धुतला. शाई कागदात मुरली होती, निघाली नाही. धम्मदीपाला हसू आलं. "राहू द्या न काका. फुकटात सवाष्ण झाली मी," असं म्हणून तिनं तो प्रिंट डार्करूमच्या भिंतीला टाचून टाकला. काकांनी चहा तसाच ठेवला.

३

दोन-चार दिवसांनी ती कुरिअरच्या दुकानातून फिल्मचं पार्सल घेऊन आली, तेव्हा वर्षाराणी नावाची एक ओळखीची शिक्षिका आत बाकावर बसली होती. स्टुडिओचं दार लोटलेलं असलं की लोक आत येऊन बसतात, त्यात नवल नव्हतं.

"लय वेळ झाला का?"

"नाई नाई. मालकायनं बसवलं मले. थे आतमंधी हायेत न. म्हणे, येऊनच राह्यली, बसा."

धम्मदीपानं पार्सल काउंटरवर ठेवलं. "कोण मालक?"

वर्षाराणीला वाटलं ही थट्टा करते आहे. ती लाजल्यासारखी हसली. "मले वाटे तुमी एकट्याच पाहता सारं. बरं झालं बापा. बाईमाणसाले आधार पायजे."

धम्मदीपा मधल्या खोलीत गेली. कूलर घरघरत होता. पडदा, दिवे, स्टँड, वेताची खुर्ची, सगळं जागेवर. डार्करूमच्या दाराला बाहेरून कडी होती, तिनंच घातलेली. ती कडी हातात धरून जराशी थांबली आणि मग तिला स्वतःचाच राग आला. रस्त्यावरून कुणीतरी टवाळखोर आत शिरला असेल, मालक बनून बाईला बसवलं असेल आणि निघून गेला असेल. गावात रिकामटेकड्यांना काय तोटा! वर्षाराणीचे फोटो काढून तिनं तिला वाटेला लावलं.

पण त्यानंतर एक गोष्ट झाली, आणि ती लक्षात यायला तिला वेळ लागला. गिऱ्हाइकं यायची, काम सांगायची, पैसे द्यायची, जायची. "मालक नाहीत का?" हे कोणी विचारेनासं झालं. इतकी वर्षं ज्या प्रश्नानं तिचं डोकं उठवलं होतं तो एकाएकी थांबला होता. एवढंच नव्हे, तर जाताना लोक आतल्या बाजूला बघून किंचित मान लववत. घरात वडीलधारं माणूस बसलेलं असलं की लववतात तशी.

तिच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

४

ठिपका पडलेला प्रिंट प्रदर्शनात लावता येणार नव्हता. त्याच निगेटिव्हवरून दुसरा काढायचा, त्यात काय मोठं! धम्मदीपानं दुसरा प्रिंट काढला. ट्रेमधल्या डेव्हलपरमध्ये चेहरा उमटला, आणि चेहऱ्याआधी ठिपका उमटला.

तिनं निगेटिव्ह दिव्यावर धरून भिंगातून पाहिलं. कपाळाच्या जागी एक गोल, स्वच्छ, पारदर्शक भोक होतं. फोटो काढताना फिल्मवर धुळीचा कण बसला की असं होतं. पहिल्या प्रिंटच्या वेळी आपण ते बघितलं नसेल, आणि काकांनीही ठिपका भरला नसेल, तो आधीपासूनच असेल. हे तिनं स्वतःला समजावलं. समजावणी चांगली होती. फक्त शाई मुरलेला तो पहिला प्रिंट समोर भिंतीवर होता आणि त्यावर कुंचल्याचा ओघळ स्पष्ट दिसत होता.

मग तिनं नवी फिल्म घातली. कॅमेरा स्टँडवर, भिंगावर लाल काच, हातात लांब वायरचं बटण. खोलीच्या बरोबर मध्यावर खडूनं फुली मारून ती फुलीवर उभी राहिली. वेताची खुर्ची मध्ये येत होती ती उचलून तिनं कोपऱ्यात ठेवली. अख्खा रोल स्वतःवर संपवला.

फिल्म धुतली, वाळवली, उजेडावर धरली. प्रत्येक चौकटीत कपाळावर भोक होतं. आणि एकाही चौकटीत ती मध्यावर नव्हती. ती कडेला सरकून उभी होती. तिच्या शेजारी, जिथं ती उभी राहिली होती नेमकं तिथं, वेताची खुर्ची होती. रिकामी. जुन्या स्टुडिओंत जोडीचा फोटो असाच काढत. नवरा खुर्चीत, बायको त्याच्या डाव्या हाताला उभी.

ती खोलीत जाऊन बघून आली. फुली मध्यावर होती, खुर्ची कोपऱ्यात होती.

धम्मदीपा हार मानणाऱ्यातली नव्हती. तिनं बाजारातून लाल टिकलीचं पाकीट आणलं, एक टिकली पांढऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवली आणि लाल काचेतून तिचा फोटो काढला. टिकली गेली, पुठ्ठा कोरा आला. म्हणजे काच ठीक होती, फिल्म ठीक होती. लाल असतं ते लाल काचेत टिकत नाही. तिच्या कपाळावर जे होतं ते टिकलं होतं, म्हणजे ते लाल नव्हतं.

आरशात, उन्हात, मोबाईलच्या कॅमेऱ्यात तिचं कपाळ मोकळं होतं. तरी तिनं ते साबणानं घासून घासून धुतलं.

५

गोमतीबाई महिन्या-दोन महिन्यांनी धनजहून एसटीनं यायची आणि उंबऱ्यावरूनच सुरू व्हायची. दुकान झाडलं नाही, अंग वाळलं, आणि मग ठरलेलं, लग्नाचं. "मी का रोज पुरणार हाव का तुले? कुडाचा असला तरी आडोसा असावा मानसाले." धम्मदीपा त्यावर ठरलेली उत्तरं द्यायची, दोघी भांडायच्या आणि मग पोटभर जेवायच्या.

त्या दुपारी आई आली ती आवाज न करता. धम्मदीपा काउंटरवर अल्बम लावत होती. तिनं मान वर केली तर आई दारात चप्पल काढत होती, आणि चप्पल काढता काढता तिनं पदर डोक्यावरून घेतला.

गोमतीबाईनं आयुष्यात कोणापुढे पदर घेतला नव्हता. गावच्या पाटलापुढे नाही, साहेबापुढे नाही. जयभीम म्हणून ताठ मानेनं चालणारी बाई ती.

"माय, काय झालं?"

"हळू बोल न वं," आई कुजबुजली. तिनं पिशवीतून डबे काढले. दोन डबे. एकात नेहमीची भाकर आणि ठेचा होता. दुसरा नवा, स्टीलचा, त्यात गोडाचा शिरा, वर बदामाचे काप. "जवायाले ठेसा चालते का, माहीत नाई मले. म्हून गोड केलं."

"कोणते जवाई?"

आईनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर धम्मदीपाला परवडला असता. तिथं समाधान होतं, वर्षानुवर्षं हवं असलेलं, आता मिळालेलं. "असं बोलू नाई बाई. आयकतीन थे."

आणि तिनं डार्करूमच्या दिशेनं बघून पदर आणखी पुढं ओढला.

धम्मदीपानं आईला खांद्याला धरून हलवलं. ओरडून विचारलं, कोणी सांगितलं तुला, कधी पाहिलंस, काय नाव आहे त्याचं. आई नावाशी अडखळली. तिचे ओठ हलले, काहीतरी आठवल्यासारखं झालं आणि विरलं. "जवायाचं नाव घेते का कोणी," असं म्हणून ती डबे झाकायला लागली. संध्याकाळची गाडी सोडून ती दुपारच्याच गाडीनं परत गेली. पोरीच्या घरी जास्त वेळ थांबू नये म्हणाली. पोरीचं घर! ज्याचं भाडं, ज्याचा रंग, ज्याचा पंखासुद्धा पोरीच्या कमाईचा, ते आता पोरीच्या सासरचं झालं होतं.

धम्मदीपा काउंटरवर डोकं टेकून रडली. भीतीनं नव्हे. दुकान गेलं असतं तर तिनं दुसरं टाकलं असतं, पण आई तिच्याशी भांडायची थांबली होती, आणि हे तिला कोणी परत देणार नव्हतं.

६

मोहनसिंगकाका अंगणात बाजेवर पडले होते. तिनं सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी मध्ये एक शब्द काढला नाही. आपण सांगण्याआधीच त्यांना काही ठाऊक होतं, हे तिला त्यावरूनच कळलं.

"असं आधी झालं होतं का, काका?"

"एक मास्तरीन होती," ते म्हणाले. "लगन झालेलं नव्हतं, मले माहीत नव्हतं. मी आपलं भरलं. फोटो न्याले आली तवा म्हणे, अजून एक खुर्ची द्या." ते थांबले. "फोटो त तिचा एकटीचाच होता."

"मंग?"

"मंग काई नाई." त्यांनी कूस बदलली, पाठ तिच्याकडे झाली. "तू असं कर. कोनाच्या तरी नावाचं कुंकू लाव. खरं, लाल. लगन करून घे. नाई त दुकान सोड, दुसऱ्या गावी जाय. जागा भरलेली दिसली का थे जाते. मालूम नाई, पर जात असन."

"म्हणजे एकाले काढाले दुसरा आणू?"

"बेटा, कपाळ रिकामं ठेवलं न का..."

"माहं कपाळ रिकामं नाई काका. माहं हाय थे." तिचा आवाज चढला, शेजारची बाई भिंतीवरून डोकावली. "तुमी विचारलं होतं का मले? लखमाले विचारलं मी, गिरणीवालीले विचारलं, फोटो काढाच्या आधी विचारलं. तुमी कुंचला उचलला न देऊन टाकली मले. कोनाले देली, थे तरी मालूम हाय का तुमाले?"

मोहनसिंगांचा उजवा हात बाजेच्या काठावरून खाली लोंबत होता, आणि त्या हाताची बोटं, काकांच्या नकळत, हवेत काहीतरी बारीक गोल काढत होती.

ती तडक परत निघाली. रस्त्यात ऊन मी म्हणत होतं आणि तिला विचार करायला तेवढाच उजेड पुरे होता. लग्न करणार नाही. दुकान सोडणार नाही. वाशीमच्या भिंतीवर तिचा फोटो लागेल, मधोमध, एकटीचा.

७

दुपारीच ती डार्करूममध्ये शिरली. आतून कडी घातली, तांबडा दिवा लावला. काळ्या-पांढऱ्या कागदाला हा उजेड दिसत नाही, म्हणून डार्करूममध्ये तोच असतो. त्या दिव्याखाली सगळं एकाच रंगाचं होतं, हात, भिंत, ट्रे, पाणी. लाल इथंही टिकत नाही.

नव्या रोलमधली एक चौकट तिनं एन्लार्जरला लावली. कागदावर उजेड पाडला, कागद डेव्हलपरमध्ये सोडला आणि ट्रेचं टोक हलवत उभी राहिली. बघायचंच होतं तिला. अंदाजानं घाबरण्यापेक्षा बघून घाबरावं, असं तिचं मत होतं.

आधी ठिपका आला. मग तिचे केस. मग खुर्चीचे पाय. निगेटिव्हवर ती खुर्ची रिकामी होती, हे तिनं भिंगातून पुन्हा पुन्हा पाहिलं होतं. पण कागदावर वेताच्या जाळीवर काळसर साय धरायला लागली होती, आणि ती खालून वर चढत होती. पावलांच्या जागी, गुडघ्यांच्या जागी, पोटाच्या जागी. तिचा स्वतःचा चेहरा मात्र पुढं सरकत नव्हता. तो फिकाच राहिला होता, जणू कागदावर काळं उमटवणारी सगळी चांदी खुर्चीकडे निघाली होती.

गळ्यापर्यंत आलं तेव्हा तिनं चिमट्यानं कागद उचलला आणि हायपोत बुडवला. हायपोत गेलं की चित्र तिथंच थांबतं, पुढं जात नाही. त्याला तोंड मिळू द्यायचं नव्हतं.

शेजारचा पाण्याचा ट्रे संथ झाला होता. ती त्यावर वाकली. तांबड्या उजेडात पाण्यात तिचा चेहरा दिसला, आणि कपाळावर रुपयाएवढा काळा गोल. तिनं बोट लावलं. कोरडं कपाळ. पाण्यात बोट त्या गोलावरून फिरलं आणि गोल तसाच राहिला.

"आयकलं का?"

दाराबाहेरून आलं ते. बारीक, समजुतीचा आवाज. नाव न घेता नवरा बायकोला मारतो ती हाक. त्यात धाक नव्हता, घाई नव्हती. वर्षानुवर्षं एकाच घरात राहणाऱ्या माणसाला उत्तर मिळणारच असतं, तशी ती हाक होती.

धम्मदीपा घाबरली. खोटं कशाला सांगायचं! तरी पहिली गोष्ट तिनं केली ती उघडा पडलेला कागदाचा डबा बंद करण्याची. कागद वाया घालवण्याइतकी ती अजून घाबरली नव्हती.

"आयकलं का वं?"

आणि तिच्या लक्षात आलं की घशापर्यंत 'हो' आलेलं आहे. तिचं नसलेलं 'हो', आईच्या पदरासारखं, नकळत पुढं ओढलं गेलेलं. तिनं ते गिळलं. ते गिळताना जो संताप उसळला त्यानंच तिनं कडी काढली.

८

मधल्या खोलीत कोणी नव्हतं. कूलर बंद पडला होता, रस्त्यावरून भाजीवाल्याची आरोळी येत होती. वेताची खुर्ची कोपऱ्यात नव्हती. ती खडूच्या फुलीवर, बरोबर मध्ये, कॅमेऱ्याकडे तोंड करून होती. रिकामी.

फोटोग्राफर काच भिंगावर चढवण्याआधी डोळ्याला लावून बघतो. धम्मदीपानं कॅमेऱ्यावरची लाल काच फिरवून काढली आणि डोळ्याला लावली. नजर जमिनीवर ठेवली. मग हळूहळू खुर्चीच्या पायांवरून वर नेली.

गुडघ्यांवर दोन हात होते. जुन्या फोटोतल्या पुरुषांसारखे, पंजे पालथे, बोटं सरळ, फोटो निघेपर्यंत हलायचं नाही असं कोणी सांगून ठेवल्यासारखे. उजव्या हाताची अनामिका बाकीच्या बोटांपेक्षा काळी होती. तिचं टोक ओलं होतं. लाल काचेतून काळं दिसत होतं.

त्याहून वर तिनं काच नेली नाही. नेता आली असती. तिनं नेली नाही.

तिनं काच खाली केली. रिकामी खुर्ची, वेताची जाळी, दारातून आलेलं ऊन. पळून जायला दार उघडं होतं आणि धनजची गाडी मिळाली असती. आई पदर घेऊन दारात उभी राहिली असती, दोघांना ओवाळायला.

धम्मदीपानं काच पुन्हा भिंगावर चढवली. फिल्म पुढं सरकवली. लाल काच उजेड खाते, शटर दोन सेकंद तरी उघडं ठेवावं लागणार होतं. दोन सेकंद न हलता. तिनं चौकट बघून घेतली. खुर्ची मध्यावर होती, छान होती, प्रदर्शनाच्या फोटोला हवी तशी. त्याच्या डाव्या हाताला उभं राहायला जागा सुटलेली होती. त्या जागेकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

वायरचं बटण हातात घेऊन ती खुर्चीपाशी गेली, वळली आणि बसली. अंग चोरून नाही, काठावर नाही, दिवसभराची दमलेली बाई घरच्या खुर्चीत बसते तशी, सगळं वजन टाकून.

खाली वेत नव्हतं. जे होतं ते तिच्या वजनानं दबलं, आणि मानेमागून एक श्वास सुटला. थंड, जुन्या हायपोच्या वासाचा. तिच्या कपाळाजवळ काहीतरी ओलं, बोटाएवढं, येऊन थांबलं.

"आयकलं," धम्मदीपा म्हणाली. समोर, भिंगाकडे बघत. "सरक तिकडं."

काही झालं नाही. भाजीवाला पुढच्या गल्लीत गेला होता.

"सरक म्हणलं न."

ते सरकलं. मग तिनं बटण दाबलं.